नॉर्वेजियन प्रोग आणि चाहत्यांचा धीर

गॅझपाचो या ऑस्लोच्या बँडचा 'फायरवर्कर' हा अल्बम 2020 साली आला आणि त्याच्या पुढचा 'मॅजिक एट-बॉल' यायला 2025 उजाडलं. पॉपमध्ये एवढ्या अवधीत एखाद्याची अख्खी कारकीर्द सुरू होऊन संपते. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे चाहत्यांच्या तोंडच्या 'प्रोग'च्या जगात मात्र पाच वर्षं फार झाली असं कुणी म्हणत नाही. या काळात चाहते जुने अल्बम पुन्हा पुन्हा लावतात. कॉन्सर्टमध्ये अनोळखी सुरावट वाजली की कुणीतरी मोबाइलवर टिपलेलं तिचं खरखरतं रेकॉर्डिंग कान टवकारून ऐकतात. अखेर अल्बमची घोषणा झाली की गाण्यांच्या नावांआधी त्यांची लांबी बघतात. वीस मिनिटांचं काहीतरी दिसलं की जीव भांड्यात पडतो.

गॅझपाचोनं या वेळी तो पडू दिला नाही. 'फायरवर्कर'ची सुरुवात 'स्पेस काउबॉय' या जवळजवळ वीस मिनिटांच्या रचनेनं होते आणि शेवट 'सेपियन' या पंधरा मिनिटांच्या रचनेनं. 'मॅजिक एट-बॉल'मध्ये त्याऐवजी आठ सुटी गाणी आहेत आणि त्यातलं 'वी आर स्ट्रेंजर्स' तर ऐंशीच्या दशकातल्या सिंथ-पॉपकडे सरळ सरळ झुकतं. अल्बमचं नाव एका अमेरिकन खेळण्याचं आहे. काळा गोळा हातात घेऊन प्रश्न विचारायचा, गोळा हलवायचा, की आतल्या निळसर द्रवातून उत्तर वर तरंगत येतं. आपल्या कोकणात देवाला कौल लावतात, तसलाच प्रकार, फक्त गुरव नाही. गॅझपाचोच्या चाहत्यांनीही पाच वर्षं मनातल्या मनात कौल लावला होता. देवानं उजवा दिला की डावा, यावर अजून एकमत नाही.

प्रोगमध्ये वाट पाहण्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर अल्बम या घाटात आहे. बाकी रॉकनं आणि पॉपनं अल्बम ही कल्पना जवळजवळ सोडून दिली आहे. तिथे गाणं येतं, गाजतं, विरून जातं. प्रोगचा श्रोता आजही चाळीस-पन्नास मिनिटं एका जागी बसून एक सलग कृती ऐकतो. गॅझपाचोचा 2007 सालचा 'नाइट' पाच भागांत विभागला असला, तरी ती एकच सलग रचना आहे. मधूनच उचलून ऐकायला गेलं तर हाती काही लागत नाही. अशी वस्तू वर्षाला एक या दरानं निघत नाही. निघाली तर संशय घ्यावा, असा या जगातला अलिखित नियम आहे. (या नियमाला धाब्यावर बसवणारा एक बँड ट्रॉन्डहाइममध्ये आहे, त्याच्याकडे येऊच.)

गॅझपाचोला अपेक्षा वाढवण्याचं कसब चांगलं अवगत आहे. 'डेमन' (2014) आला तेव्हा त्यामागची गोष्ट बँडनं सांगितली होती. प्रागमधल्या एका घरात आधीच्या भाडेकरूनं मागे ठेवलेलं एक हस्तलिखित सापडतं, आणि तो माणूस कुठल्याशा दुष्ट शक्तीचा माग काढत होता असं त्यातून कळतं. 'मोलोक' (2015) मध्ये त्यांनी कमालच केली. सीडीच्या शेवटी असा एक संकेत दडवला आहे की, नशीब अगदीच फिरलं तर त्यातून निघणाऱ्या आकड्यानं विश्वाचा अंत होऊ शकतो, असं त्यांनी गंभीर चेहऱ्यानं जाहीर करून टाकलं. अल्बमसाठी यर्मुंड कोल्तवेत या संगीत-पुरातत्त्वज्ञाला बोलावून दगड आणि सांबरासारख्या मूस या प्राण्याच्या जबड्याची हाडंही वाजवून घेतली. विश्व अद्याप शाबूत आहे. अल्बम मात्र मला त्याच्या जाहिरातीइतका थोर कधीच वाटला नाही. यान-हेन्रिक ओमे यांचा हळवा, काठाकाठानं जाणारा आवाज आणि मिकाएल क्रोमर यांचं व्हायोलिन हे गॅझपाचोचं खरं भांडवल, आणि ते 'नाइट'मध्ये जसं वापरलं गेलं तसं पुढे क्वचितच.

नॉर्वेत हे संगीत आलं ते इंग्लंडच्या मागोमाग. ज्युनिफर ग्रीनचा 'फ्रेंडशिप' हा 1971 चा डबल अल्बम, रुफुस, होस्ट, आणि जर्मनीत त्याच नावाचा बँड असल्यामुळे 'पोपोल एस' असं नामांतर करावं लागलेला पोपोल वू, ही त्या पिढीतली मंडळी. देशाबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखलं नाही आणि दशक संपता संपता तो बहर ओसरला. नव्वदच्या दशकात नॉर्वेचं नाव झालं ते ब्लॅक मेटलमुळे. प्रोग परतलं ते त्याच्या सावलीत, व्हाइट विलोसारख्या बँडच्या हातून, आणि पुष्कळदा मेटलवाल्यांच्या हातूनही.

या दुसऱ्या पिढीतला, चाहत्यांच्या अपेक्षा सर्वांत इमानदारीनं पुरवणारा बँड म्हणजे होनेफॉस या गावातला वॉब्लर. 1999 साली स्थापना, पहिला अल्बम 'हिंटरलँड' 2005 मध्ये. त्यानंतर चार वर्षं थांबलेल्या चाहत्यांच्या पदरी 'आफ्टरग्लो' (2009) पडला, तोही बँडच्या सुरुवातीच्या डेमोंमधलं साहित्य नव्यानं वाजवून केलेला. पुढे 'राइट्स ॲट डॉन' 2011 मध्ये, मग थेट 2017 मध्ये 'फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर' आणि 2020 मध्ये 'ड्वेलर्स ऑफ द डीप'.

वॉब्लरचं सगळं गारुड लार्स फ्रेडरिक फ्रॉइस्ली यांच्या कीबोर्डांच्या ताफ्यात आहे. हॅमंड ऑर्गन, मिनिमूग, आणि मुख्य म्हणजे मेलोट्रॉन. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक स्वतंत्र तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाचा तेवढा एकच सूर आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत धावू लागते. सुमारे आठ सेकंदांत ती संपते आणि सूर तुटतो. पट्टी सोडली की स्प्रिंग फीत मागे खेचून घेते. म्हणजे वादकाला कुठलाही सूर आठ सेकंदांपलीकडे धरता येत नाही; त्याला सतत बोटं बदलत, एकाआड एक सूर सोडत, पुढचा पकडत जावं लागतं. फीत जुनी असेल तर सूर किंचित डगमगतो. हा डगमगणारा, ओलसर आवाज संगणकावर सहज मिळतो, आणि पुष्कळ बँड तो तसाच घेतात. फ्रॉइस्ली यांचा जीव खऱ्या यंत्रात आहे. 'फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर'च्या वीस मिनिटांवर चालणाऱ्या शीर्षक-रचनेत तो फरक ऐकू येतो. तिथला वाद्यवृंद श्वास घेतो, कारण त्याला घ्यावाच लागतो.

प्रश्न असा की 1973 सालच्या ब्रिटिश आवाजाची एवढी निष्ठेनं केलेली सेवा ही नवी कला म्हणायची की जुन्या मूर्तीला नवा शेंदूर. 'राइट्स ॲट डॉन'बद्दल मी दुसऱ्या बाजूला झुकतो. 'येस' या बँडची सावली त्यावर फार दाट आहे. 'फ्रॉम सायलेन्स'मध्ये मात्र अंधार, लोकगीताचा वास आणि एक प्रकारचा उतावीळपणा येतो, तो इंग्लंडमधून आणलेला नाही. दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या रचनांच्या मध्ये 'रेंडर्ड इन शेड्स ऑफ ग्रीन' हा दोन मिनिटांचा तुकडा ठेवण्याची समजही त्यात आहे. चाहत्यांना हवं तेच दिलं, पण त्यांनी मागितलं होतं त्यापेक्षा जास्त दिलं, असं या एका अल्बमबद्दल म्हणता येईल.

आता ट्रॉन्डहाइम. मोटरसायको 1989 पासून वाजवतोय आणि बेंट सॅथर व हान्स माग्नुस रायन हे दोघे त्याचा कणा आहेत. हा बँड वाट पाहायला वेळच देत नाही. 2017 मध्ये 'द टॉवर' हा डबल अल्बम, 2019 मध्ये 'द क्रूसिबल', 2020 मध्ये 'द ऑल इज वन', तोही डबल, आणि त्यात 'एन. ओ. एक्स.' ही पाच भागांची बेचाळीस मिनिटांची रचना. पाठोपाठ 2021, 2022, 2023, 2024 असं दर वर्षी काहीतरी, आणि 2025 मध्ये इतक्या वर्षांनी केवळ बँडच्या नावाचा अल्बम. चाहता एकाची चव घेऊन संपवतो न संपवतो तोच दुसरं ताट समोर. यातलं काही कच्चं राहणार हे उघड आहे, आणि राहिलंही. 'एन्शंट ॲस्ट्रॉनॉट्स'चे काही भाग मला तालमीच्या खोलीतून थेट उचलल्यासारखे वाटतात. पण या सवयीचा फायदाही मोठा आहे. कुठल्याच अल्बमवर 'पुढचा शतकातला सर्वोत्तम' असलं ओझं बसत नाही, त्यामुळे चुकायची मुभा मिळते. चुकायची मुभा असलेला बँडच 'द डेथ डिफाइंग युनिकॉर्न' (2012) सारखं काही करू शकतो.

ही नॉर्वेजियन प्रोगची आजवरची सर्वांत मोठी झेप आहे, असं माझं मत. मोल्डे जॅझ महोत्सवाच्या निमित्तानं 2010 मध्ये लिहिलेलं, स्टोले स्टोर्लोकन यांच्याबरोबर रचलेलं, जॅझ वाद्यमेळ आणि ट्रॉन्डहाइम सोलोइस्ट्स हा तंतुवाद्यांचा वृंद घेऊन उभं केलेलं हे सुमारे 84 मिनिटांचं काम. विषय समुद्रावरच्या अरिष्टाचा. खरं सांगायचं तर कथेचा धागा दुसऱ्यांदा ऐकूनही हाती लागत नाही, आणि त्यानं काही अडत नाही. रॉक बँडच्या मागे तंतुवाद्यं लावायची ती सजावट म्हणून, हा रिवाज इथे उलटा झाला आहे. कित्येक ठिकाणी व्हायोलिनं लाटेसारखी अंगावर येतात आणि बँडलाच बुडवू पाहतात. ड्रमर केनेथ कापस्टाड त्या गदारोळातून वाट काढत राहतो. असं काही येणार आहे अशी अपेक्षा आधी कुणीच केली नव्हती, कारण करताच आली नसती.

हे सगळं पंचावन्न-छप्पन लाख वस्तीच्या देशात कसं जमतं? पैसा आहे हे खरं, पण तेवढंच नाही. प्रत्येक नगरपालिकेनं मुलांसाठी संगीत आणि इतर कलांची शाळा चालवलीच पाहिजे, असा कायदा तिथे 1997 पासून आहे. ट्रॉन्डहाइमच्या संगीत महाविद्यालयात 1979 पासून जॅझचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि स्टोर्लोकन तिथेच शिकले. रूने क्रिस्टोफरसन यांनी 1998 मध्ये सुरू केलेली रूने ग्रामोफोन आणि बर्गनची करिज्मा या छोट्या कंपन्या या संगीतामागे चिकाटीनं उभ्या आहेत. जॅझ आणि रॉक यांच्यामधली भिंतही तिथे ठेंगणी आहे. स्टोर्लोकन हे सुपरसायलेंटमध्ये मुक्त, बिनतालाचं संगीत वाजवतात आणि एलेफंट-नाइनमध्ये ऑर्गनवर घाम फोडणारं रॉक. आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांनी 'मेकिंग म्युझिक' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला तोही ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओत, 1986 च्या डिसेंबरात. हरिप्रसाद चौरसिया आणि जॉन मॅकलॉफलिन यांच्याबरोबर त्यात सॅक्सोफोनवर होते नॉर्वेचे यान गार्बारेक. कुणाही बरोबर बसून वाजवून बघण्याची ती सवय नव्या पिढीत झिरपलेली आहे.

अपेक्षा जाणूनबुजून मोडणाऱ्यांची एक वेगळी जात आहे, आणि ती बहुतेक मेटलमधून आलेली. उल्व्हर 1995 मध्ये 'बर्गटाट' या ब्लॅक मेटल अल्बमनं सुरू झाला, 2000 मध्ये 'पर्डिशन सिटी'त रात्रीच्या शहराचं इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागला आणि 2017 मध्ये 'द असॅसिनेशन ऑफ ज्युलियस सीझर'मध्ये चक्क नाचायला लावणारं पॉप. त्यांच्या चाहत्यांनी अपेक्षा ठेवायचंच सोडून दिलं असावं. नोटोडेनच्या लेप्रसचं तसं नाही. एम्परर या ब्लॅक मेटल बँडच्या इहसान यांना साथ करता करता वर आलेल्या या बँडनं 'बायलॅटरल' (2011) आणि 'कोल' (2013) मधल्या आडव्यातिडव्या तालांनी एक श्रोतृवर्ग पक्का केला, आणि मग 'मालिना' (2017) पासून गर्जना बाजूला ठेवून गायक आइनार सोलबर्ग यांचा उंच, सरळ काळजाला भिडणारा आवाज पुढे आणला. 'पिटफॉल्स' (2019) मध्ये त्यांनी स्वतःच्या नैराश्याबद्दल गायलं. 'हे प्रोगच नव्हे' म्हणणारे तेव्हा निघाले आणि दर अल्बमला निघतात. तक्रार खोटी नाही. तालाची गुंतागुंत खरंच कमी झाली. पण 'पिटफॉल्स'मधलं 'द स्काय इज रेड' अकरा मिनिटं ज्या चिवटपणे एकच ठोका आवळत नेतं, ते ऐकून ही तक्रार चालू ठेवणं मला अवघड जातं.

एक उणीव मात्र जवळजवळ सगळ्यांत आहे: शब्द. बहुतेक बँड इंग्रजीत गातात, आणि प्रोगची इंग्रजी म्हणजे धुकं, आरसे, नद्या आणि कुठल्याशा प्रवासाला निघालेला कुणी अनामिक. व्याकरणात चूक नसते, अनुभवात वजन नसतं. तुस्मोर्के हा ऑस्लोचा बासरीप्रधान बँड नॉर्वेजियनमध्ये गायला लागला की एकदम खट्याळ होतो, शहरातल्या प्राण्यांवर लहान मुलांसाठी अख्खा अल्बम करतो. तिथे माणसं खरी वाटतात.

त्यामुळे 2020 नंतर वॉब्लरच्या पुढच्या अल्बमकडे डोळे लावून बसलेल्यांच्या हाती 2023 मध्ये त्याऐवजी फ्रॉइस्ली यांचा 'फीरे फॉर्टेलिंगर' हा एकट्याच्या नावाचा अल्बम आला, याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. कीबोर्ड, ड्रम्स आणि गायन तिन्ही त्यांचंच; बास वाजवायला एलेफंट-नाइनचे निकोलाय हेंग्स्ले. चार रचना, चारही नॉर्वेजियन भाषेत. फ्रॉइस्ली काही गायक नव्हेत. आवाज साधा आहे, वरच्या सुरात थोडा ओढल्यासारखा वाटतो, आणि वॉब्लरच्या गायकाची सफाई त्यात नाही. मेलोट्रॉन तोच, ऑर्गन तोच, 1973 सालही तेच. पण गाणारा माणूस आपल्या गावच्या बोलीत गातोय हे न समजणाऱ्यालाही कळतं, आणि 'ड्वेलर्स ऑफ द डीप'पेक्षा हा अल्बम मी जास्त वेळा लावतो.