रांग कुणी लावली? : अमेरिकेतलं एक पुस्तक हिंगोलीत वाचताना

आजचा विषय अमेरिकेतल्या राजकीय दुफळीचा. हिंगोलीत बसून अमेरिकेची काळजी कशाला, असं कुणी विचारेल. पण २०२३ पासून आपल्या गावागावांत जे झालंय, ते समजायला तिकडच्या एका पुस्तकाची मदत होते. आणि ते पुस्तक कुठे कमी पडतं, हे हिंगोलीतून जास्त चांगलं दिसतं. म्हणून आज त्या पुस्तकावर बोलू.

आर्ली रसेल हॉकशील्ड या बर्कलीच्या समाजशास्त्रज्ञ. त्यांचं 'स्ट्रेंजर्स इन देअर ओन लँड' हे पुस्तक २०१६ साली आलं. नावाचा अर्थ साधारण 'आपल्याच मुलखात परके'. बाई स्वतः डाव्या विचारांच्या. पण त्या पाच वर्षं लुईझियाना राज्यात जाऊन-येऊन राहिल्या आणि उजव्या पक्षाच्या लोकांशी बोलत राहिल्या. त्यांना एक कोडं सोडवायचं होतं. राज्य गरीब, रासायनिक कारखान्यांनी पाणी नासलेलं. तिथल्या बायू कॉर्न गावात २०१२ साली कंपनीच्या मिठाच्या खाणकामामुळे जमीन खचली, लोकांची घरं गेली. तरी लोकांचा राग कंपनीपेक्षा सरकारवर जास्त. असं का?

त्यांनी शोधलेलं उत्तर म्हणजे एक रांग. माणसं एका टेकडीवर रांगेत उभी आहेत, माथ्यापलीकडे सुबत्ता आहे. आयुष्यभर कष्ट केले, पण रांग सरकत नाही. आणि तेवढ्यात पुढे कुणीतरी घुसतंय असं त्यांना दिसतं. काळे लोक, स्त्रिया, बाहेरून आलेले लोक. आणि ज्यानं रांग सांभाळायची ते सरकारच घुसणाऱ्यांना हात देतंय, असं वाटतं. खरं किती, खोटं किती, हा प्रश्न बाई बाजूला ठेवतात. मनात असंच वाटतंय, एवढं त्या नोंदवतात.

आता ही रांग आपल्याकडे आणून बघा. भाषांतर करायची गरजच पडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचं आंदोलन मराठवाडाभर पसरलं. २६ नोव्हेंबर २०२३ ला हिंगोलीत ओबीसींची मोठी सभा झाली. ६ जुलै २०२४ ला मनोज जरांगे यांची शांतता रॅली हिंगोलीतूनच सुरू झाली. एकच शहर, दोन गर्दी, आणि दोन्हींकडे रांगेचीच गोष्ट. एक म्हणतो, 'आमचं पोरगं मार्क घेऊनही मागे राहतं.' दुसरा म्हणतो, 'आत्ता कुठे आमचा नंबर आला, तर हे आमच्याच रांगेत येतायत.' दोघंही खोटं बोलत नाहीत. इथपर्यंत हॉकशील्डबाईंना पूर्ण मार्क.

पण आमची पहिली तक्रार इथे सुरू होते. रांग कुणी आखली, हे त्या पुरेसं विचारत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा आहे. पलीकडे विदर्भ. तिकडच्या शेतकऱ्याची नोंद बहुतेक कुणबी, म्हणजे ओबीसी. अलीकडच्या शेतकऱ्याची नोंद बहुतेक मराठा, म्हणजे खुला वर्ग. नांगर तोच, सोयाबीन तेच, सोयरीकही नदी ओलांडून होते. मग फरक कुठून आला? १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. आणि त्या फौजेची एक छावणी कुठे होती? आपल्या हिंगोलीत! तेव्हापासून पलीकडचं दप्तर इंग्रजी कारभारात आणि अलीकडचं १९४८ पर्यंत निजामाच्या कारभारात. न्यायमूर्ती शिंदे समिती आणि सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा निर्णय, हे सगळं त्याच जुन्या दप्तरात उत्तर शोधणं आहे. जिला आपण रक्ताची सीमा समजतो, तिच्यातली बरीचशी कारकुनाच्या लेखणीने पडलेली आहे.

दुसरी तक्रार दाराची. सगळं लक्ष रांगेत घुसणाऱ्यावर, दार एवढं अरुंद का, यावर कुणी बोलत नाही. २०२४-२५ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होता. हा तोटा जात बघून झाला नाही. शेतातून बाहेर पडायचं तर सरकारी नोकरी, आणि तिथल्या जागा थोड्या. दहा खुर्च्यांसाठी हजार माणसं भांडत असतील तर खुर्च्या मोजणाऱ्याला आधी गाठायला हवं की नाही?

टाळी सोपी आहे, पण इथेच थांबलो तर आपणही अर्धवट बोलू. 'दोघंही गरीब, दोघांचं भांडण पुढाऱ्यांनी लावलं' हे व्यासपीठावर छान वाटतं. पण नामांतर आठवा. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या ठरावाने कुणाची नोकरी जाणार होती? कुणाचा एक गुंठा जाणार होता? कुणाचाच नाही. तरी नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. म्हणजे टंचाई हे दुफळीचं एक मूळ झालं. दुसरं मूळ मानपानाचं आहे. कोण वर, कोण खाली, हे ठरलेलं असतं आणि ते हलताना दिसलं की माणूस बिथरतो.

हॉकशील्डबाईंच्या रांगेतली खरी भेग आम्हाला इथे दिसते. त्यांच्या गोष्टीत रांग आधीपासून लागलेली आहे आणि कुणीतरी नंतर घुसतंय. पण जो आज 'घुसतोय' त्याला काल रांगेत उभंच राहू दिलेलं नव्हतं. लुईझियानात गुलामगिरी होती. आपल्याकडे गावकुसाबाहेरची वस्ती होती, मतमोजणीत कधीच न दिसणाऱ्या लहान लहान जाती होत्या. 'माझी जागा गेली' म्हणण्याआधी 'ती जागा माझी कशी झाली' हे विचारायला लागतं. पुस्तक सहानुभूतीने ऐकतं, पण हा प्रश्न त्या माणसाच्या तोंडावर विचारायचं टाळतं.

एक फरकही सांगायला हवा. अमेरिकेत ही भेग दोन पक्षांत पक्की बसली आहे. आपल्याकडे तसं नाही. २०२४ च्या लोकसभेला हिंगोलीतून ठाकरे यांच्या शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर निवडून आले. सहाच महिन्यांत जिल्ह्यातल्या हिंगोली, कळमनुरी, वसमत या तिन्ही विधानसभा महायुतीकडे गेल्या. पक्ष बदलतात, पण पारावरचा अबोला तसाच राहतो. म्हणून निवडणुकीचा निकाल बघून दुफळी मिटली की वाढली, हे ठरवू नका. कुणाच्या दुकानातून सामान घेणं थांबलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका आली नाही, ते बघा.

तर हे पुस्तक जरूर वाचा. समोरच्याचं ऐकायचं कसं, हे ते शिकवतं आणि आपल्याला आज तेच आधी जमत नाहीये. पण वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवा. रांग कुणी आखली? दार कुणी अरुंद ठेवलं? आणि रांगेच्या बाहेर कोण होतं? पहिले दोन विचारताना मराठा आणि ओबीसी पोरं एका बाजूला बसू शकतील. तिसऱ्याला दोघंही थोडी अस्वस्थ होतील, आणि तो वगळून झालेली एकी फार दिवस टिकायची नाही. आम्ही इथे थांबतो. आता तुम्ही विचारा.