बर्फावरची धाव आणि म्हातारीचा निवाडा

‘अटानार्जुआट’ या चित्रपटाची सुरुवात पहिल्यांदा पाहताना कळत नाही. दगडाच्या एका बुटक्या घरात माणसं दाटीवाटीनं बसलेली आहेत, सीलच्या चरबीवर जळणाऱ्या दगडी दिव्याचा पिवळा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर आहे, आणि दुरून आलेला एक अनोळखी मांत्रिक वस्तीच्या म्होरक्याशी सामना करतो आहे. म्होरक्या मरतो. त्याचा मुलगा सावरी वस्तीचा कारभार हाती घेतो. कोण कुणाचा, कशासाठी, हे कुणी सांगत नाही. परक्या घरी अचानक पाहुणा म्हणून गेल्यावर तिथल्या जुन्या भांडणांचा नुसता वास यावा, तसं होतं. मला ही दिग्दर्शकाची सचोटी वाटते. गोष्ट ज्यांची आहे त्यांना ती ठाऊक आहे. बाकीच्यांनी जरा धीर धरायचा, डोळे उघडे ठेवायचे.

हे घडतं ते इग्लुलिकच्या परिसरात, कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय टापूत. आसपास माणसांची वस्ती सुमारे चार हजार वर्षांपासून आहे. अटानार्जुआट, म्हणजे वेगानं धावणारा, याची गोष्ट तिथल्या इनुइट कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली होती. पॉल अपाक अंगिलिर्क यानं ती गावातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून घेतली, नोंदवली आणि तिची पटकथा केली. चित्रपट पुरा होण्याआधीच, 1998 मध्ये, तो वारला. दिग्दर्शक झकारायस कुनुकनं चित्रपट तडीस नेला आणि तो 2001 साली पडद्यावर आला. इनुइटांनी स्वतः लिहिलेला, बनवलेला आणि सबंध इनुक्टिटुट भाषेत बोलणारा हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. कानच्या चित्रपट महोत्सवात त्याला पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ मिळाला.

जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात कॅमेरा कुठे असतो, हे पाहण्यासारखं आहे. बहुतेक वेळा तो घराच्या आत असतो, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. बायका अर्धचंद्राकृती पात्याच्या उलूनं कातडं कापतात, कुणी दिव्याची वात सारखी करतं, कच्च्या मांसाचा तुकडा हातोहात फिरतो. अशा कामांवर कॅमेरा थांबतो, पण ‘पाहा, किती विचित्र’ असं म्हणत नाही. रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 1922 च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये उजेड आत यावा म्हणून अर्धाच इग्लू बांधला होता. बंदूक वापरणाऱ्या शिकाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर जुन्या हत्यारांनी शिकार करायला लावलं होतं, आणि नायकाचं अलाकारिअलाक हे खरं नाव पडद्यावर आलंच नाही. जग कित्येक वर्षं त्या कापलेल्या इग्लूतून इनुइटांकडे पाहत राहिलं. कुनुकनं भिंत परत बांधली आणि आपल्याला आत बसवलं.

त्यामागे गावाचा हट्टही आहे. इग्लुलिकनं 1975 आणि 1979 मध्ये टीव्ही घेण्यास चक्क नकार दिला होता, कारण त्यात आपली भाषा नव्हती. स्वतः कुनुक जमिनीवर, शिकारीच्या छावणीत जन्मलेला. शाळेसाठी वयाच्या नवव्या वर्षी त्याला वस्तीत आणलं गेलं. 1981 मध्ये त्यानं दगडात कोरलेल्या आपल्या मूर्ती माँट्रियलला नेऊन विकल्या आणि त्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेतला. पुढे त्यानं अपाक, पाओलूसी कुलितालिक आणि छायाचित्रकार नॉर्मन कोन यांच्यासोबत ‘इसुमा’ ही संस्था उभी केली. चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावली सुरू झाली की कुनुक पडदा बाजूला करतो: जीन्स घातलेली, कानाला हेडफोन लावलेली माणसं, घसरगाडीवर ठेवलेला कॅमेरा. शेकडो वर्षांपूर्वीचं ते जग आजच्या माणसांनी कातडी शिवून, दगड रचून, आजीआजोबांना विचारून पुन्हा उभं केलं, हे तिथे उघड दिसतं. काहींना ही दृश्यं रसभंग करणारी वाटली. माझ्या लेखी ती चित्रपटाचा अविभाज्य भाग आहेत. इनुइट म्हणजे संग्रहालयातली काचेमागची माणसं, हा समज ती दृश्यं एका मिनिटात मोडून काढतात.

आता त्या धावेकडे येऊ. सावरीचा मुलगा ओकी आणि अटानार्जुआट यांचं वैर अटुआट या मुलीवरून वाढलेलं. ती ओकीला देऊ केलेली, तिचं मन अटानार्जुआटवर. ठोशांच्या सामन्यात तो जिंकतो, ती त्याची होते. पण पुढे ओकीची बहीण पुजा त्याची दुसरी बायको म्हणून घरात येते आणि घर फाटतं. एका सकाळी ओकी आणि त्याचे दोन साथीदार झोपलेल्या अटानार्जुआट आणि त्याच्या थोरल्या भावावर तंबू पाडतात आणि वरून भाले खुपसतात. थोरला भाऊ अमाक्जुआक मरतो. अटानार्जुआट उघडाच तंबूतून निसटतो आणि समुद्रावरच्या बर्फावर पळत सुटतो.

वसंतातला बर्फ आहे, वर वितळलेल्या पाण्याची डबकी साचलेली. अटानार्जुआट झालेला नातार उंगालाक धावतो तेव्हा त्याचे पाय पाण्यात फटफटतात, सोलवटतात, मागे रक्ताचे ठसे उमटतात. हे दृश्य लांबत जातं, आणि लांबल्यामुळेच ते अंगावर येतं. मध्येच कॅमेरा इतका मागे जातो की पांढऱ्या-निळ्या पसाऱ्यात माणूस नखाएवढा होतो, मग पुन्हा श्वास ऐकू येईल इतका जवळ. एरवी साहसकथांमध्ये ध्रुवप्रदेश हा शत्रू असतो, माणसाला गोठवून मारणारा. इथे उलट आहे. भाले माणसांच्या हातात आहेत, आणि बर्फ निदान पळायला जागा देतो. पुढे आलेली रुंद भेग तो ओलांडतो ती पूर्वजाच्या आत्म्याच्या साथीनं. ओकी त्याच पाण्यात पडतो. नंतर दूरच्या तळावर राहणारं कुलितालिक नावाच्या पात्राचं कुटुंब अटानार्जुआटला समुद्रशेवाळाखाली दडवतं आणि जगवतं. बर्फ कुठे तुटेल, शेवाळ कुठे वाहून येईल हे ठाऊक असणं म्हणजे जगणं, हे या दृश्यातून कळतं. समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो अशा आजच्या काळात ते ज्ञानच डळमळीत होत चाललं आहे. हा चित्रपट पाहताना मला त्याची सारखी आठवण येते.

आणखी एक बारीक गोष्ट. म्हातारी पानिकपाक, मारल्या गेलेल्या म्होरक्याची विधवा, कोवळ्या अटुआटला ‘छोटी आई’ म्हणून हाक मारते. मृत आईचं नाव मुलीला मिळालं, की नात्याचा मानही मिळतो. आपल्याकडे आजीचं नाव नातीला ठेवतात, हे ठाऊक असलेल्या वाचकाला यातली माया लगेच कळेल. याच समाजातल्या माणसांना सरकारनं 1940 च्या दशकात गळ्यात घालायच्या क्रमांकाच्या चकत्या दिल्या, आणि कित्येक वर्षं सरकारदरबारी त्यांची ओळख तो क्रमांक हीच होती. पडद्यावर पानिकपाक ‘छोटी आई’ म्हणते तेव्हा प्रत्येक हाकेनं त्या चकत्यांना उत्तर मिळतं.

मूळ कथेत अटानार्जुआट परततो आणि शत्रूंना ठार करतो. चित्रपटात तो इग्लूची जमीन घासून गुळगुळीत करतो, पायांना शिंगांचे खिळे बांधतो, ओकीला आत बोलावतो आणि खाली पाडतो. हातातलं हत्यार ओकीच्या डोक्याशेजारी बर्फात आदळतं. खून इथेच थांबतील, असं तो जाहीर करतो. या बदलाला शहरी प्रेक्षकांसाठी केलेली तडजोड मानता येईल, पण मला तसं वाटत नाही. वीस-पंचवीस माणसांच्या छावणीत प्रत्येक सूड म्हणजे एक शिकारी कमी, एक चूल थंड. सुडाच्या साखळीत सगळीच वस्ती संपते, आणि तोंडी कथा जपल्या जात होत्या त्या हे शिकवण्यासाठीच.

पण कुनुक गोडीनंही शेवट करत नाही. निवाडा देते पानिकपाक. मॅडलिन इवालूनं ही भूमिका आवाज न चढवता केली आहे. वस्तीत शिरलेल्या वाईट शक्तीला हाकलल्यावर ती ओकी, पुजा आणि साथीदारांना सांगते की आम्ही तुम्हाला क्षमा केली, पण तुम्ही इथून जा आणि परत येऊ नका. ओकीनं आपल्या बापाचाही जीव घेतलेला आहे. तो बाप सावरी, पानिकपाकचा मुलगा. म्हणजे ती पोटच्या पोराच्या मारेकऱ्याला आणि स्वतःच्या नातवंडांना एकाच वेळी क्षमा करते आहे आणि हद्दपारही करते आहे. क्षमा खरी आहे, शिक्षाही खरी आहे, आणि दोन्ही देण्याचा अधिकार जिचा सर्वांत मोठा तोटा झाला तिलाच आहे.