गुडघा म्हणजे बिजागरी?

सांध्यांचे प्रकार शिकवताना आपण दाराची बिजागरी दाखवतो आणि गुडघ्याचे नाव घेतो. पाठ्यपुस्तकांतही बहुधा हेच उदाहरण असते. उपमा सोपी आहे, पण अपुरी आहे असे आम्हांला वाटते.

बिजागरीच्या दोन पट्ट्या खिळीने जखडलेल्या असतात. गुडघ्यात खीळ नाही. मांडीच्या हाडाची गोल टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. ती घरंगळतात आणि घसरतातही. जर्मनीतील वेबर बंधूंनी १८३६ सालीच हे लिहून ठेवले होते. हाडे जागेवर धरतात ते मुख्यतः चार अस्थिबंध : दोन बाजूंना आणि दोन सांध्याच्या आत, फुलीसारखे.

अपघातात किंवा खेळात यांतील दोन-तीन एकदम तुटतात, तेव्हा उपमेतील उणीव उघडी पडते. बिजागरी मोडली तर दार निखळलेले दिसते. गुडघा मात्र निखळून पुष्कळदा आपोआप जागेवर बसतो आणि वरून नुसता सुजलेला दिसतो. त्याच्या मागच्या खळग्यातील रोहिणी तोपर्यंत फाटलेली असू शकते. सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह पूर्ववत झाला नाही, तर पाय गमावण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर आधी पावलाची नाडी पाहतात, अस्थिबंधांचा विचार नंतर.

दुरुस्तीही बिजागरीसारखी नसते. आतल्या बाजूचा अस्थिबंध अनेकदा आधारपट्ट्यानेच भरून येतो. फुलीतले तुटलेले बंध सहसा तसे जुळत नाहीत. त्यांच्या जागी कंडरेचा तुकडा बसवतात. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून तो रुजेपर्यंत काही आठवडे तो उलट दुबळाच होतो. फुलीतला मागचा बंध नवा बसवला असेल, तर मांडीमागच्या स्नायूंचे जोराचे व्यायाम काही काळ टाळतात, कारण ते नडगीला मागे ओढतात. सांधा फार हलवला तर बंध सैल पडतो, फार जखडला तर सांधा आखडतो. मैदानावर परतायला बहुधा नऊ ते बारा महिने, कधी त्याहून अधिक लागतात.

उपमा टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच तासाला मुलांना खुर्चीवर बसवून, गुडघा काटकोनात व टाच जमिनीवर ठेवून पाऊल आत-बाहेर वळवायला सांगावे. गुडघ्याखाली बोटे ठेवली की नडगी वळताना जाणवते. दाराची बिजागरी अशी वळते का, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.