गुप्तहेर : 'हेर' घ्या, 'गुप्त' सोडा

पेटची तयारी करताना 'संशोधक म्हणजे एक प्रकारचा गुप्तहेरच' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ऐकायला भारी वाटतं. पण माझ्या मते ही उपमा निम्मीच बरोबर आहे, आणि उरलेली निम्मी फिल्डवर्कमध्ये महागात पडते.

आधी शब्द बघू. मराठीत 'गुप्तहेर' आपण दोन वेगळ्या माणसांसाठी वापरतो. शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक गुप्तहेर आणि शेरलॉक होम्सही गुप्तहेर. पहिल्याचं काम शत्रूची बातमी काढणं; तो ओळखला गेला की काम संपलं. दुसरा घडून गेलेल्या गोष्टीचा छडा लावतो आणि आपण निष्कर्षापर्यंत कसे आलो, हे शेवटी उलगडून सांगतो. १८८७ च्या पहिल्या कादंबरीपासून होम्स वॉटसनला हेच सांगत आलाय.

सरकारी मराठीने हा फरक नीट पाळलाय. सीआयडी म्हणजे 'गुन्हे अन्वेषण विभाग', आणि बातमी काढणारा तो 'राज्य गुप्तवार्ता विभाग'. बंगालीतला ब्योमकेश बक्षी तर स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो. आपल्या बोलण्यात मात्र सगळं एकत्र. आमच्या पाथरीकडे कुणी जरा जास्त चौकशा केल्या की लगेच, "तू काय सीआयडी हैस का?" या प्रश्नात कौतुक कमी आणि संशय जास्त असतो.

आता हा संशय घेऊन शेतात चला. समजा, तुम्ही पाथरी तालुक्यात कापसावरच्या शेंदरी बोंडअळीची पाहणी करताय. पाकळ्या नीट न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल म्हणजे डोमकळी. ती दिसली की आत अळी असावी, असा अंदाज तुम्ही बांधता. पण तो अंदाजच. फूल उघडून अळी बघायची, कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे, मग बोलायचं. होम्सचे बरेचसे निष्कर्षही असेच असतात: दिसलेल्या खुणांवरून सर्वांत पटणारा खुलासा. फरक एवढाच, की त्याचा लेखक त्याला बरोबर ठरवतो. आपल्याला ते शेतात तपासावं लागतं.

इथपर्यंत उपमा चालते. पुढे शेतकऱ्याशी बोलताना ती मोडते. बियाणं कुठलं, फवारण्या किती, कर्ज किती, हे विचारताना आपण कोण, माहिती कशासाठी हवी, ती कुठे जाणार आणि 'नाही' म्हणायची मोकळीक आहे, हे आधी सांगावंच लागतं. ते न सांगता काढलेली माहिती खरी असली तरी ती हेरगिरीच. शिवाय संशय आलेला माणूस तुम्हाला हवं तेच उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणजे नीतीही गेली आणि डेटाही गेला.

मग या शब्दात घेण्यासारखं काय आहे? 'हेरणे' हे क्रियापद. 'त्याने संधी हेरली', 'तिने नेमकी चूक हेरली' असं आपण रोज म्हणतो. त्यात लपणं नाही, बारकाईने बघणं आहे. शंभर झाडांतली एक डोमकळी हेरता येणं हीच आपल्या कामाची सुरुवात.

म्हणून मुलाखतीत कुणी ही उपमा दिली तर मान डोलवून पुढे जाऊ नका. आपल्या प्रस्तावातलं पद्धतीचं प्रकरण काढा आणि बघा: कोणती पायरी आपण शेतकऱ्यापासून किंवा वाचकापासून लपवलीय? तशी एखादी सापडली, तर तिथे अजून संशोधन झालेलं नाही.