‘गुबारे खातिर’ आणि आमची वस्ती

मौलाना आझादांचे ‘गुबारे खातिर’ आमच्यातल्या अनेकांना नवाबी चोचले वाटते. चिनी चहा, खोलीतल्या चिमण्या, फारसी शेर. आणि पत्रे लिहिली तीही एका नवाबाला. पिंपरीत माझ्या खोलीवर एका उर्दू शिक्षकमित्राने ती वाचून दाखवली, तोवर माझेही मत हेच होते.

नगरच्या किल्ल्यात मौलाना कैदेत असताना, एप्रिल १९४३ मध्ये, कलकत्त्याला त्यांची पत्नी जुलेखा वारली. सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे शब्द टाकला नाही. त्या पत्रात आक्रोश नाही. रोजच्या शिस्तीआड दुःख लपवू पाहणारा माणूसच त्यात उघडा पडतो. ही वेदना नाकारण्याइतके आपले साहित्य दरिद्री नाही.

माझे भांडण वेगळे आहे. १९२३ च्या दिल्लीतील विशेष अधिवेशनात अध्यक्ष म्हणून त्यांनी हिंदू-मुस्लिम ऐक्य स्वराज्याहून मोठे मानले. दोन धर्मांच्या या एकीत गावकुसाबाहेरचा माणूस कुठे बसतो? पुढे ते शिक्षणमंत्री झाले. खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये उभी राहिली; चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत, सक्तीचे शिक्षण देण्याची संविधानातील दहा वर्षांची मुदत मात्र १९६० मध्ये टळून गेली. शाळा राज्यांच्या अखत्यारीत होत्या, हे मान्य. पण हक्काचा कायदा यायला २००९ उजाडले.

चाकणला कारखान्यांलगतच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे शाळेच्या वेळेत एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिचा दाखला गावीच राहिला, असे तिची आई म्हणाली.