‘देवांचें वक्तृत्व’ आणि त्याचा उगम

जुन्या हस्तलिखिताचा उगम शोधतांना सर्वांत मोठा अडसर पुष्कळदां त्याच्या सौंदर्याचाच असतो. सतराव्या शतकांतील फ्रेंच ल्यूटसंगीताचा ‘ला रेतोरीक दे द्ये’, म्हणजे ‘देवांचें वक्तृत्व’, हा ग्रंथ याचें उत्तम उदाहरण होय. ल्यूट हें फुगीर पाठीचें, बोटांनीं छेडण्याचें तंतुवाद्य. १६५२ च्या सुमारास आन द शांब्रे या रसिक गृहस्थासाठीं दनी गोतिये याच्या रचनांचा हा संग्रह सिद्ध झाला. अब्राहाम बोस, ले स्यूर यांसारख्या नामांकित चित्रकारांचा हात त्यास लागला. पुढें तो स्कॉटलंडांतील हॅमिल्टन घराण्याच्या संग्रहांत गेला व १८८२ सालच्या खरेदींत बर्लिन येथें आला.

ऑस्कर फ्लायशर यानें १८८६ मध्यें या ग्रंथाचें विवेचन केलें. पुढें आंद्रे तेसिए यानें तो संपादिला. या परिश्रमांविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु ग्रंथ कोठून आला व त्यांतील संगीत कोठून आलें, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचें उत्तर मिळालें म्हणजे दुसऱ्याचें मिळालें असें होत नाहीं. ग्रंथाचे बारा विभाग असून त्यांस प्राचीन ग्रीक स्वरप्रकारांचीं नांवें आहेत. आंतील सुरावटींशीं या नांवांचा मेळ मात्र बेताचाच बसतो. तीं संग्राहकाच्या विद्वत्तेचीं भूषणें होत. वादकाची निकड त्यांत दिसत नाहीं.

कर्तृत्वाचा प्रश्न तर अधिकच बिकट. दनी (मृत्यु १६७२) व त्याचा वडील चुलतभाऊ एनमों (मृत्यु १६५१) दोघेही थोर ल्यूटवादक. त्या काळच्या वह्यांत पुष्कळदां नुसतें ‘गोतिये’ एवढेंच लिहिलेलें असतें; एकच रचना कोठें एकाच्या, तर कोठें दुसऱ्याच्या नांवावर आढळते. अशा वेळीं चित्रांची शोभा साक्ष देत नाहीं. फ्रेंच ल्यूटलिपींत स्वरांचीं नांवें नसतात. कोणत्या तारेवर कोणत्या पडद्यापाशीं बोट ठेवावें, हें अक्षरांनीं सांगितलेलें असतें. म्हणून बोटांची योजना आणि अलंकारांच्या खुणा निरनिराळ्या प्रतींतून ताडून पाहिल्या, तरच एका प्रतीचें दुसरीशीं नातें उकलूं लागतें. त्या कामीं वापरून मळलेली साधी वहीही मोलाची ठरते.

आमच्या मतें ‘देवांचें वक्तृत्व’ हा शांब्रेच्या अभिरुचीचा अस्सल दस्तऐवज आहे. गोतियेच्या संगीताचा मात्र तो अनेकांतील एक साक्षीदार. श्रीमंत साक्षीदाराचें म्हणणें आदरानें ऐकावें, पण गरिबाची जबानी झाल्याखेरीज निकाल देऊं नये.