तेरावा ठोका

फिलिपा पीअर्स यांची १९५८ सालची ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ ही इंग्रजी कादंबरी आम्हांस बाळपणापासून प्रिय आहे. भावास गोवर निघाल्यामुळें नातलगांकडे धाडलेला टॉम रात्रीं घड्याळाचा तेरावा ठोका ऐकून दार उघडतो, तों समोर गतकाळची बाग! तेथें त्यास पोरकी हॅटी भेटते. दोघेंहि दुसऱ्याच्या घरीं राहणारीं. आणि आपणांपैकीं भूत कोण, यावर त्यांचें कडाक्याचें भांडण! खरें रहस्य तेंच. काळाविषयींचा ऊहापोह आम्हांस किंचित् लांबलेला वाटतो. पुढें हॅटी मोठी होते, तिला जगांत आपली जागा सांपडूं लागते, तसतसा टॉम तिला अंधुक दिसूं लागतो. हें दुःख लेखिकेनें बालवाचकांपासून लपविलें नाहीं. अखेरीस जिन्यावर होणाऱ्या भेटीचें गुपित मात्र आम्ही येथें फोडीत नाहीं.